हाँगकाँग: दगड न मारताही दंगलखोर?
हाँगकाँगमधल्या २०१९ च्या सरकारविरोधी आंदोलनाच्या खटल्यांबद्दल एकांनी विचारलंय, दगडच मारला नाही तर दंगलीचा आरोप टिकेल कसा? टिकतो हो, तीच तर मेख आहे. तिथल्या कायद्यात बेकायदा जमावाला तीन माणसं पुरतात. त्यातल्या एकाने जरी शांतताभंग केला तरी ती दंगल ठरते आणि भाग घेणाऱ्याला कमाल १० वर्षं कैद (खटला जिल्हा न्यायालयात चालला तर ७).

पण 'भाग घेणं' म्हणजे काय? २८ जुलै २०१९ ला हाँगकाँगच्या शंग वान भागात पकडलेलं एक जोडपं जुलै २०२० मध्ये दंगलीच्या आरोपातून सुटलं. काळे कपडे आणि गॉगल एवढ्यावरून सहभाग सिद्ध होत नाही, असं न्यायाधीशांचं म्हणणं. जागेवर नसलेल्यालाही दंगलखोर ठरवता येतं का, हा कायद्याचा मुद्दा पुढे वरच्या न्यायालयांत गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अंतिम अपील न्यायालयाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय) ठरवलं की जो जागेवरच नव्हता, त्याला सामायिक हेतूच्या (सगळ्यांचा इरादा एकच होता, या) नावाखाली दंगलीचा मुख्य आरोपी करता येणार नाही.

पेपरांनी याला आंदोलकांचा विजय म्हटलं असेल तर ते अर्धंच खरं. मदत, चिथावणी, कट ही कलमं सरकारी पक्षाच्या हातात तशीच राहिली. शिवाय जागेवर असलेल्याने शब्दांनी वा खुणेने प्रोत्साहन दिलं तरी तो सहभागच. म्हणजे घोषणा देणारा कुठे बसतो, सांगा बरं.