सॅन डिएगोने क्लिपर्स घालवले? उगाच!

खडूसकाका:
काल एकाने लिहिलं, "सॅन डिएगोकर समुद्रावर लोळत राहिले, खुर्च्या रिकाम्या, म्हणून क्लिपर्स सहा वर्षांत पळाले." डोकंच फिरलं. अहो, हा एनबीएतला (अमेरिकी बास्केटबॉल लीग) संघ सॅन डिएगोत १९७८ला आला तोच मुळी मालकांच्या अदलाबदलीतून. बॉस्टन सेल्टिक्सचा मालक अर्व लेव्हिन, त्याला संघ हवा होता कॅलिफोर्नियात, पण सेल्टिक्सना बॉस्टनमधून हलवू कोण देणार? मग बफेलो ब्रेव्ह्जचा मालक जॉन ब्राउनशी अख्खे संघच बदलून घेतले आणि ब्रेव्ह्ज इथे येऊन क्लिपर्स झाले. बफेलोला कुणी विचारलं? इथे पहिल्याच मोसमात ४३ विजय, वर्ल्ड बी. फ्री नावाच्या खेळाडूचे सामन्यामागे २८.८ गुण. १९८१ला डोनाल्ड स्टर्लिंगने सव्वा कोटी डॉलरला विकत घेतला आणि लगेच १७ विजय, ६५ पराभव. आता सांगा, कोणी घालवला?

बाकावरचा:
मधली दोन वर्षं सोयीस्कर गाळलीत, काका. ३५ आणि ३६ विजय, तेव्हा स्टर्लिंग कुठे होता? सहा मोसमांत एकदाही प्लेऑफ (मोसमानंतरची बाद फेरी) नाही. बिल वॉल्टनला घेण्यापायी पोर्टलँडच्या संघाला कर्मिट वॉशिंग्टनसारखा खेळाडू देऊन बसले आणि गडी पहिल्या मोसमात खेळला १४ सामने. पुढचे दोन मोसम शून्य. लोकांनी तिकीट का काढावं?

नीरजा:
'गडी' काय, 'गडी'? वॉल्टन ला मेसाचा, घरचा पोरगा. ७८च्या प्लेऑफमध्ये पोर्टलँडकडून वेदना मारायची सुई टोचून घेऊन उतरला, नंतर पावलाचं हाड मोडलेलं निघालं. माझ्या भावाचं विद्यापीठ स्पर्धेत हेच झालं. घोटा टम्म सुजलेला, प्रशिक्षक म्हणाले, "फायनल आहे रे, तासाभराचा तर प्रश्न." आज जिना उतरताना आधी कठडा धरतो, मग डावा पाय, मग थांबून उजवा.

बाकावरचा:
भावाबद्दल वाईट वाटलं. पण नाही म्हणता येतं की. मीही खेळलोय.

नीरजा:
एकोणीस वर्षांच्या पोराला प्रशिक्षकासमोर नाही म्हणता येतं? तुम्ही कुठे बसायचात ते नावातच दिसतंय. तुम्हाला कशाला कोण सुई टोचेल!

बाकावरचा:
वैयक्तिक नको. माझाही गुडघा गेलाय, सुई न घेता.

वऱ्हाडातली काकू:
भांडू नका रे. आम्ही ८२ला तिथे आलो. ह्यांना हापिसात कुणीतरी चार तिकिटं दिली. स्पोर्ट्स अरीनात आमच्या रांगेत आम्हीच, धाकटा तीन खुर्च्यांवर आडवा झोपला. पण पुढचा एक म्हातारा, टेरी कमिंग्जच्या हाती बॉल आला की दर वेळी उठून उभा राहायचा. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू तोच.

बाकावरचा:
म्हणजे खुर्च्या रिकाम्याच होत्या. धन्यवाद काकू.

खडूसकाका:
असणारच! तळाच्या संघांना नवे खेळाडू आधी निवडता येतात, म्हणून राल्फ सॅम्पसन हा नवा पोरगा मिळावा यासाठी शेवटचे यायची भाषा मालकच उघड करत होता, त्यापायी ८२ला दहा हजार डॉलर दंडही झाला. अशा संघाला काकूंच्या धाकट्याने तीन खुर्च्या दिल्या हेच खूप. ८४ला तर लीगची परवानगी न घेता लॉस एंजेलिसला उचलून नेला. अडीच कोटींचा दंड, मग कोर्टकचेरी, शेवटी ६० लाखांवर मिटवलं.

बाकावरचा:
बरं, स्टर्लिंग नालायक. खूश? पण रॉकेट्स हा एनबीएचा संघही ७१ला ह्याच गावातून ह्यूस्टनला गेले, तेव्हा स्टर्लिंग नव्हता.

नीरजा:
आणि तुमचा तो 'गडी' ८५-८६ला बॉस्टनकडून ८० सामने खेळला. विजेतेपदासकट.