इंदूरहून एका दिवसात महेश्वर, मांडू आणि धार, गाडीने जमेल का?

सुदामानगरकर
नमस्कार मंडळी, दिवाळीत पुण्याहून मामा-मामी येतायत. त्यांना महेश्वर दाखवायचंच आहे, मांडू पण, आणि मामा म्हणतात धारचा किल्लाही करून टाकू कारण दुसरा बाजीराव तिथे जन्मला. गाडी मी चालवणार, सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात म्हणून फार चढ-उतार नको. सकाळी निघून रात्री परत घरी असं होतं का की मुक्काम करावाच लागेल? आणि आधी महेश्वर की आधी मांडू?

राऊ_सर्कल
आधी महेश्वर. पोहे खाऊन सहाला निघा, महू-मानपूर-धामनोद असं नव्वदेक किलोमीटर, दोन-सव्वादोन तास धरा. मानपूरच्या पुढे घाटात ट्रक फार असतात तिथे घाई नको. लवकर पोचलात तर वाड्यातलं लिंगार्चन बघायला मिळतं, मातीची छोटी छोटी शिवलिंगं करून पूजा करतात आणि मग नर्मदेत सोडतात, अहिल्याबाईंच्या वेळेपासून चालू आहे ते, दुपारी गेलं की यातलं काहीच दिसत नाही. तिथून धामनोद-गुजरीवरून मांडू, दीड तास. परत येताना धार, घाटाबिल्लोद, बेटमा. रस्ता चांगलाय.

खासगी_वाचक
दादा, मामांना इतिहासाची आवड असेल तर धार अजिबात सोडू नका, पण त्याआधी महेश्वरला एक गोष्ट नक्की दाखवा. किल्ल्यातून घाटाकडे उतरताना अहिल्येश्वराचं देऊळ लागतं, त्याच्या समोर विठोजी होळकरांची छत्री, म्हणजे स्मारक, आहे. लोक तिथे पाठ करून फोटो काढतात आणि निघून जातात, मला फार वाईट वाटतं. विठोजी म्हणजे यशवंतरावांचे भाऊ, 1801 साली पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने त्यांना हत्तीच्या पायी दिलं. त्याचा सूड म्हणून यशवंतराव पुण्यावर चालून गेले, ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पळून वसईला इंग्रजांकडे गेला आणि डिसेंबरात तह करून बसला, आणि तिथून मराठी राज्य हातातून गेलं ते गेलंच. 1818 मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी आपल्या इंदूरला आली. आता तोच बाजीराव 1775 मध्ये धारच्या किल्ल्यात खरबुजा महालात जन्मलेला, आनंदीबाई तेव्हा तिथे आश्रयाला होत्या. म्हणजे सकाळी विठोजींची छत्री आणि संध्याकाळी बाजीरावाचं जन्मस्थान, एकाच दिवसात एकाच गाडीने, पुण्याच्या माणसाला याहून जास्त काय दाखवणार! वेळ कमी पडला तर मांडूतलं काही कमी करा पण हे दोन ठेवा.

नर्मदे_हर
माझं मत वेगळं आहे. मांडू कमी करा हे मला पटत नाही, मांडू म्हणजे गाव नाही, पूर्ण पठार आहे आणि सगळं लांब लांब पसरलेलं. जहाज महाल आणि हिंडोला महालाचं तिकीट वेगळं, माळव्याचा सुलतान होशंगशाह याच्या कबरीचं वेगळं, रूपमती मंडप-बाजबहादूर महालाकडचं वेगळं. नुसता जहाज महाल नीट बघायचा तर तास जातो, एका बाजूला मुंज तलाव दुसऱ्या बाजूला कपूर तलाव, वर गच्चीवर हवा खात बसावंसं वाटतं. होशंगशाहची संगमरवरी कबर बघायला शाहजहानच्या दरबारातले वास्तुकार 1659 मध्ये आले होते, दारावर तसा शिलालेखच आहे, ती कशी काय सोडणार? म्हणून धार सोडा नाहीतर मुक्काम करा. दिवाळीत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो हे पण लक्षात ठेवा, धारला पोचेपर्यंत अंधार होईल, किल्ल्यात काय दिसणार.
आणि आईंना रूपमती मंडपाचा चढ जड जाईल. त्यांना खाली रेवाकुंडाजवळ सावलीत बसवा, बाकीचे वर जाऊन या. हवा स्वच्छ असली तर वरून निमाडात खाली नर्मदेची बारीक रेघ दिसते. वाटेत खुरासानी चिंच विकायला बसतात, त्या जाड बुंध्याच्या झाडांची, ती घ्या. आणि दाल-पानिया खा, मक्याच्या पिठाचा पळसाच्या पानांत भाजलेला, बिस्किटांवर दिवस काढू नका.

राऊ_सर्कल
धारबद्दल ताईंचं बरोबर आहे, अंधारात किल्ला होणार नाही. मांडूला राहा एक रात्र, सकाळी धार करून दुपारच्या जेवणाला घरी. दिवाळीत खोल्या भरतात, आजच फोन करून घ्या.

सुदामानगरकर
खूप खूप आभार सगळ्यांचे. मामांना विठोजींच्या छत्रीचं सांगितलं तर त्यांनी आता महेश्वरला दोन तास जास्त मागितलेत, मामींना माहेश्वरी साडी हातमागावर विणताना बघायची आहे ती वेगळीच. म्हणून मुक्काम नक्की, पहिला दिवस महेश्वर आणि दुपारनंतर मांडू, दुसऱ्या दिवशी सकाळी रूपमती आणि मग धार. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना चालेल अशी तळमजल्याची खोली मांडूत कुठे मिळते कोणाला माहीत असेल तर सांगा.