ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल घरी बदलावे का?

वाटसरू (पुणे)

आमच्या घरी २०१० सालची होंडा सिटी आहे. पाच गिअरची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरची (म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाची). एक लाख दहा हजार किलोमीटर झाल्यावर दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना हलका हिसका बसू लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारणा केली, तेव्हा "हे तेल आयुष्यभराचे असते, त्याला हात लावू नका" असे सांगण्यात आले. मला ते पटले नाही. याच तेलाच्या दाबावर क्लच पकडतात, इंजिनाची ताकद याच तेलातून पुढे जाते आणि आतली उष्णताही हेच तेल वाहून नेते. इतकी कामे करणारे तेल तापून तापून निकामी होणारच.

म्हणून सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये ते मी स्वतः बदलले. गाडी स्टँडवर घेतली, खालचा प्लग सोडला, अडीच लिटरच्या आसपास तेल निघाले आणि तेवढेच होंडाचे डीडब्ल्यू-१ तेल डिपस्टिकच्या (तेलाची पातळी पाहायच्या पट्टीच्या) भोकातून लांब नळीच्या नरसाळ्याने भरले. प्लगच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर साचला होता, पण बोटांत चोळल्यावर कण टोचत नव्हते. जुन्या तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकला, तर नव्याचा लाल रंग कुठेच दिसेना, नुसता तपकिरी डाग पसरला. डिपस्टिक आणि ड्रेन प्लग असलेल्या गाडीत हे काम इंजिन ऑईल बदलण्याइतकेच आवाक्यातले आहे आणि मालकाने ते शिकून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

पाना (कोल्हापूर)

तेल बदलले पाहिजे, याच्याशी सहमत. घरी बदलावे, याच्याशी नाही. माझे गॅरेज आहे, म्हणून पोटासाठी बोलतो असे कुणी म्हणेल, तरीही लिहितो. तुमचे पाहून उद्या इनोव्हा क्रिस्टाचा मालक गाडीखाली शिरेल, आणि त्या गाडीला डिपस्टिकच नाही. तिथे टोयोटाचे डब्ल्यूएस तेल बाजूच्या भोकातून भरायचे, इंजिन चालू ठेवायचे, तेलाचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास आले की खालचा प्लग काढून जादा तेल वाहू द्यायचे आणि धार बारीक झाली की तो बंद करायचा, अशी पद्धत आहे. गाडी चारही चाकांकडून समपातळीत उचललेली हवी, तापमान वाचायला स्कॅनर हवा, आणि हे सगळे चालू इंजिनाखाली पडून करायचे. घरच्या जॅकवर हे करणाऱ्याच्या जिवाची मला काळजी वाटते.

दुसरा धोका तेलाच्या जातीचा. एका गृहस्थांनी सीव्हीटी (ठराविक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक) गाडीत साधे लाल एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, भरून आणले होते. सीव्हीटीमध्ये धातूचा पट्टा पुलीला घट्ट धरून राहावा लागतो आणि त्यासाठी लागणारे घर्षण देणारे तेल वेगळे असते. होंडाचे एचसीएफ-२ हे त्यातलेच. ते गृहस्थ चुकीच्या तेलावर दोन आठवडे घाट चढले. पुढचा खर्च मी इथे लिहीत नाही.

वाटसरू

पाना, क्रिस्टाबद्दल आणि सीव्हीटीबद्दल तुमचे म्हणणे मान्य. मी मात्र मुद्दाम डिपस्टिकची अट घातली होती. अवघड गाडीचा दाखला देऊन सोप्या गाडीच्या मालकाला थांबवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय गॅरेजमध्ये माझ्यासमोर काय भरले जाते, हे मला कळतच नाही. घरी सीलबंद कॅन मी स्वतः फोडतो.

ओसरी (नॉर्थ कॅरोलायना)

मी वाटसरूंच्या बाजूने आहे. आमच्याकडे कामाच्या मजुरीचे दर ऐकूनच माणूस पाना हातात घेतो, आणि मी गेली आठ वर्षे घरासमोरच्या उतार नसलेल्या जागेत हे काम करते. फक्त एक भर घालते. एकदा काढून-भरून सगळे तेल बदलत नाही, कारण बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. समजा, एकूण सहा लिटरांपैकी अडीच निघाले, तर पहिल्या खेपेनंतर सुमारे ५८ टक्के जुने तेल आतच असते, दुसऱ्या खेपेनंतर ३४ आणि तिसऱ्या खेपेनंतर २० टक्के. दोन खेपांमध्ये काहीशे किलोमीटर गाडी चालवावी. हिसका पहिल्याच खेपेत गेला नाही, तर निराश होऊ नये.

जुन्या तेलाचे पुण्यात काय करता? इथे ऑटोझोनसारखी सुट्या भागांची दुकाने ते फुकट घेतात.

पाना

हा प्रश्न कुणीतरी विचारला, याचे मनापासून समाधान वाटले. आपल्याकडे वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. प्रत्यक्षात घरचे तेल सोसायटीच्या गटारात नाहीतर भंगारवाल्याकडे जाते. गॅरेजमध्ये निदान पिंप भरून उचलणारा येतो.

आणि वाटसरू, "निघाले तेवढेच भरले" हे वाक्य धोक्याचे आहे. तुम्ही तेल गरम असताना मोजले असेल, तर फुगलेल्या मापाने थंड तेल भरले गेले. पन्नास अंशांच्या फरकाला अडीच लिटरमागे शंभर मिलिलिटरच्या आसपास तफावत पडते. जादा तेल गिअरच्या चाकांनी घुसळून फेसाळते आणि फेस दाब धरत नाही. थोडीशी चूक चालून जाते, पण डिपस्टिक हाच अखेरचा न्याय मानावा.

नवशिका (नाशिक)

आमच्या सेलेरिओला एएमटी आहे. तिलाही हेच लागू होते का?

ओसरी

नाही. एएमटीमध्ये आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलते. त्यात एटीएफ भरू नका. पुस्तिकेत सांगितलेले गिअर ऑईल आणि क्लच चालवणाऱ्या यंत्रणेचे तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाटसरू

पाना, तेल गरमच मोजले होते, हे मान्य करतो. आज सकाळी गाडी पुरेशी तापवून, सपाट जागी बंद करून, साठ ते नव्वद सेकंदांच्या आत डिपस्टिक पाहिली. वरच्या खुणेच्या किंचित वर आहे. नळीने थोडे ओढून काढतो. जुने तेल मूळ कॅनमध्येच भरून ठेवले आहे आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याने ते त्याच्या पिंपात घेण्याचे कबूल केले आहे. तरीही दुसरी खेप मी घरीच करणार. प्लगचा जुना वॉशर परत वापरला तर चालेल का?

पाना

चालणार नाही. वॉशर दर वेळी नवाच घ्या आणि प्लग टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळायच्या पान्याने) ४९ न्यूटन-मीटरला आवळा. आधी तेल भरायच्या भोकातली डिपस्टिक सुटते का, ते पाहा आणि मगच खालचा प्लग सोडा. घरी करणारच असाल, तर गाडीखाली जाण्यापूर्वी ती स्टँडवर दोन्ही बाजूंनी जोरात हलवून पाहा, आणि घरातले कुणीतरी शेजारी उभे असू द्या.