मदत हवी आहे: मॉडेल रेल्वेच्या सिग्नलवर दुहेरी पिवळा येत नाही

नमस्कार मंडळी. घरच्या एचओ (१:८७ प्रमाणाच्या) लेआउटवर मुंबई उपनगरी मार्गासारखे ऑटोमॅटिक सिग्नल बसवतोय: लाल, पिवळा, दुहेरी पिवळा, हिरवा. गाड्या डीसीसीवर (रुळांतून डिजिटल आज्ञा देऊन गाड्या चालवायची पद्धत), संगणकावर जेएमआरआय (मॉडेल रेल्वे चालवायचं सॉफ्टवेअर).

गाडी ब्लॉकमध्ये (दोन सिग्नलांमधल्या रुळांच्या भागात) शिरली की तिच्या मागचा सिग्नल लाल होतो, त्यामागचा पिवळा. इथवर चोख. पण त्याच्याही मागचा थेट हिरवा! दुहेरी पिवळ्याशिवाय लोकलचा मार्ग खरा वाटतच नाही हो. दोन्ही पिवळे एलईडी वेगळ्या आउटपुटवर आहेत, हाताने पेटवले तर पेटतात. म्हणजे वायरिंग ठीक.

सध्या जेएमआरआयमध्ये तीन रंगांची सिग्नल हेड (दिव्यांचा एक संच) वापरतोय. त्याऐवजी त्यातलाच मॅट्रिक्स सिग्नल मास्ट (कोणत्या संकेताला कोणते दिवे लागतील हे तक्त्यात ठरवायचा प्रकार) घेऊ का? जेएमआरआयमधली बीआर-२००३ ही ब्रिटिश सिग्नल पद्धत आपल्या क्रमाला चालेल? कुणी सिग्नल मास्ट लॉजिक (पुढच्या सिग्नलवरून मागचा सिग्नल ठरवणारी सोय) असं लावलं असेल तर सेटिंगचे स्क्रीनशॉट कृपया पाठवा.