सल्ला हवा: सेवाधारित शिक्षण आणि डिजिटल कौशल्ये एकाच विषयात कशी बसवावीत?

नमस्कार. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतो. पुढील सत्रापासून आमच्याकडे सामाजिक संस्थेसोबत काम करता करता डिजिटल कौशल्ये शिकण्याचा एक विषय सुरू होत आहे. विद्यार्थी साठ, आठवडे पंधरा आणि शिकवणारा मी एकटा. मागे असाच प्रयोग केला तेव्हा एका गटाने वृद्धाश्रमासाठी देखणे संकेतस्थळ तयार केले आणि भरघोस गुणही मिळवले; सहा महिन्यांनी मात्र त्याचा पासवर्ड कोणाकडेच नव्हता. कामे कशी निवडावीत आणि गुण कशाला द्यावेत?

प्रतिसाद १
विद्यार्थी काय बनवू शकतात यापेक्षा, ते निघून गेल्यावर संस्थेतील कोणती व्यक्ती ते चालवणार आहे, हे आधी विचारावे. माझ्या एका गटाला दवाखान्यातील औषधांच्या नोंदींसाठी ॲप करायचे होते. प्रत्यक्षात वहीतील नोंदी एक्सेलमध्ये उतरवून, मुदत संपत आलेली औषधे लाल रंगात दिसतील एवढीच सोय पुरेशी ठरली. तारखा मात्र प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लिहिल्या होत्या. त्या एकसारख्या करण्यात तीन आठवडे गेले आणि खरे शिक्षण तिथेच झाले. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात 1995 पासून चालणाऱ्या 'एपिक्स' या सामाजिक संस्थांसाठी प्रकल्प करण्याच्या उपक्रमात वेगवेगळ्या वर्षांचे विद्यार्थी एकाच गटात असतात आणि संस्थेशी नाते अनेक सत्रे टिकते, त्यामुळे जुने विद्यार्थी गेले तरी काम पुढे चालू राहते. ते जमत नसेल, तर निदान हस्तांतरणाला, म्हणजे तयार काम संस्थेच्या माणसांकडे नीट सोपवण्याला, स्वतंत्र गुण ठेवावेत.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, पण गुणांचा मोठा वाटा चिंतन-नोंदींना, म्हणजे कामातून आपण काय शिकलो हे विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या नोंदींना, द्यावा. त्या नसतील तर उरते ती केवळ स्वयंसेवा. कौशल्यांसाठी युरोपीय आयोगाचा 'डिजकॉम्प 2.2' हा 2022 चा आराखडा पाहावा. त्यातील पाच क्षेत्रांतल्या 21 क्षमता एका सत्रात घेण्याचा मोह टाळून तीन-चारच निवडाव्यात, आणि त्यांत वैयक्तिक माहितीची गोपनीयता असावीच, कारण लाभार्थ्यांची छायाचित्रे न विचारता समाजमाध्यमांवर टाकणारे उत्साही गट मी पाहिले आहेत. साठ जणांना एकदम काम हवे असेल, तर ओपनस्ट्रीटमॅप हा कोणालाही भर घालता येणारा ऑनलाइन नकाशा उपयोगी पडेल. 2010 च्या हैती भूकंपानंतर जगभरातील स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून त्यावर रस्ते आणि इमारती रेखाटल्या होत्या. मात्र हा पहिल्या दोन आठवड्यांचा सराव समजावा. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांची गाठच पडली नाही, तर त्याला सेवाधारित शिक्षण म्हणणे मला पटत नाही.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. एक शंका उरते: संस्थेने 'फक्त जुन्या वह्या टंकून द्या' एवढेच सांगितले, तर ते काम विषयात धरावे का?

प्रतिसाद १
धरावे, पण रकाने कोणते असावेत हे विद्यार्थ्यांनी संस्थेतील माणसांसोबत बसून ठरवले असेल तरच.