मदत हवी आहे: टायबेरियसच्या दिनारियसवर छिन्नीचा घाव कशासाठी?

नमस्कार मंडळी,

माझे काका गेल्या वर्षी वारले. त्यांच्या संग्रहातल्या एका रोमन चांदीच्या नाण्याने (दिनारियस) मला पंधरा दिवस झोप लागू दिलेली नाही. वजन ३.६ ग्रॅम, व्यास १८ मिमी. पाकिटावर काकांच्या अक्षरात 'टायबेरियस, लुग्दुनुम' (म्हणजे रोमन सम्राट आणि टांकसाळीचं गाव, आजचं फ्रान्समधलं ल्यों) एवढंच लिहिलंय.

पुढे सम्राटाचं उजवीकडे पाहणारं मस्तक, त्यावर पानांचा मुकुट. भोवतीचा लेख त्याला 'दैवी ऑगस्टसचा पुत्र' म्हणतो. मागे खुर्चीवर बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्यात ऑलिव्हची फांदी. बाजूला 'पाँटिफ मॅक्सिम', म्हणजे मुख्य धर्माधिकारी.

प्रश्न असा की सम्राटाच्या गालापासून मानेपर्यंत एक खोल, सरळ चीर आहे. हा चांदी तपासण्याचा घाव, की चेहराच नको होता म्हणून मारलेला? आणि ती स्त्री नक्की कोण?

काकूंना ते चिंच लावून लखलखीत करायचंय. मी कसंबसं थांबवलंय.

प्रतिसाद:

थांबवलंत ते फार बरं केलंत, घासू नकाच. स्त्रीचं नाव नाण्यावर नाही. शांतिदेवता पॅक्सच्या रूपातली टायबेरियसची आई लिव्हिया, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स. १४ ते ३७ या कारकिर्दीत हीच छाप जवळजवळ न बदलता चालली, म्हणून नेमकं वर्ष सांगता येत नाही.

आता चीर. भिंगातून तिच्या तळाशी बघा. तांबूस किंवा हिरवट दिसलं तर आत तांबं, वर चांदीचा पत्रा. अशी खोटी नाणी त्या काळीही होती. तळापर्यंत पांढरी चांदीच असेल तर घाव घालणाऱ्याची खात्री पटली असणार. पण मस्तकच का निवडलं? तमिळनाडूत पुदुक्कोट्टई भागात १८९८ साली रोमन सोन्याची ५०१ नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांच्या मस्तकावर असेच घाव आहेत. नुसती पारख करायची तर कडेला टोचूनही भागतं, त्यामुळे मला तरी चेहरा रद्द करण्याचा हेतू जास्त पटतो. काकांनी ते दक्षिणेत घेतलं होतं का, हे काकूंना विचारा. आणि कडेचा फोटो टाका. शिवण दिसली तर ते छापाने ठोकलेलं नाही, साच्यात ओतलेलं आहे, म्हणजे बहुधा नक्कल.