परदेशी कामगार फॉर्मवर 'समाधानी' लिहितात, मग सोडून का जातात?

रात्रपाळी: नमस्कार मंडळी. मी एका कारखान्यात कामगारांची भरती बघते. निम्मे कामगार बाहेरच्या देशांतून आलेले. दरवर्षीच्या पाहणीत ते स्थानिकांपेक्षा जास्त गुण देतात: पगार चांगला, सुपरवायझर चांगला, सगळंच चांगलं. आणि करार संपला की त्यांच्यातलेच उत्तम कारागीर दुसरीकडे जातात. फॉर्मवर विश्वास ठेवावा का? परदेशात राबलेल्यांनी सांगा.

पाइपवाला: मी परदेशात पाइप वेल्डिंग केलं, पुढे फोरमन झालो. फॉर्मवर लिहिलेलं खोटंच असतं असं नाही हो. पहिल्या करारात माणूस पगार घरच्या कमाईशी ताडून बघतो. एजंटचं कर्ज फेडायचं, घर बांधायचं. आकडा ठरलेला असतो, तो जमेपर्यंत काम कसंही चालतं. मायकेल पिओरे या अर्थतज्ज्ञानं 1979 मध्ये हेच मांडलं: सुरुवातीला स्थलांतरिताला नोकरी म्हणजे फक्त कमाई, मान त्याला गावात मिळवायचा असतो. दुसऱ्या करारात तुलना बदलते. शेजारी तोच जॉइंट मारणाऱ्या स्थानिक वेल्डरला किती मिळतात, हे कळलेलं असतं. पगार तेवढाच राहतो आणि मन उतरतं.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. माझा एक सोबती सिक्स-जी पास होता, म्हणजे 45 अंशांत तिरका बसवलेला पाइप चारी बाजूंनी जोडणारा. त्याचं सर्टिफिकेट तिथे चालेना, म्हणून कित्येक महिने हातात ग्राइंडर. हाताला वळण असलेल्या माणसाला असं बसवणं मला आजही सहन होत नाही. फॉर्ममध्ये त्यानं पगारापुढे 'चांगला' लिहिलं, आणि तो होताच. त्याचं कसब वापरलं जातं का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आणि ताई, फॉर्म गोळा कोण करतं? व्हिसा कंपनीच्या हातात असताना 'असमाधानी'वर खूण कोण करेल?

अभ्यासिका: पाइपवाले दादांशी सहमत. मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये म्हटलं होतं की पगार, कामाची परिस्थिती वाईट असेल तर नाराजी येते, पण ती सुधारली म्हणून समाधान येत नाही. ते कामातून, बढतीतून, कदर होण्यातून येतं. शिवाय जाण्याची मोकळीक हवी. कतारनं 2020 मध्ये नोकरी बदलताना जुन्या मालकाच्या 'ना हरकत' पत्राची अट काढली. अशी अट असेपर्यंत टिकून राहिलेला कामगार खूश आहे की अडकलाय, बाहेरून कळत नाही. एजंटच्या कर्जाचंही तेच. भरतीचा खर्च कामगाराकडून घेऊ नये, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची 2016 ची तत्त्वं सांगतात.

रात्रपाळी: फॉर्म सुपरवायझरच गोळा करतात. मग विचारू काय?

पाइपवाला: नाव नको, फॉर्म त्यांच्या भाषेत द्या, पेटी बाहेरच्या माणसानं उघडावी. पहिल्या करारातले आणि जुने कामगार वेगळे मोजा. कोणतं काम शिकून आलात आणि इथे कोणतं करता, हे विचारा. आणि एक प्रश्न नक्की घाला: 'सख्ख्या भावाला याच कामावर यायला सांगाल का?' तिथे कुणी पटकन 'हो' लिहीत नाही. जे 'नाही' लिहितील त्यांच्याशी करार संपायच्या आधी बसून बोला.